सिंधू खरं बोलत होती

जिचा मी घात केला तिचं नाव सिंधू. राहणार पुनावळे, काम भोसरीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात, कंत्राटी. केव्हा केला, तेही लिहिते : गेल्या मे महिन्यातला पहिला गुरुवार, भर दुपार, वीज गेलेली. हे आजपर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेत नाही, शबनमला तर मुळीच नाही.

नाव आधी, बाकीचं मागून. ही माझी पत्रकाची सवय आहे. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते, दुसऱ्या ओळीत कुणी केला ते. तर — दुसरी ओळ. मी केला.

मला ओळखत नसाल तर एवढंच सांगते, की मी कामगार बायकांच्या एका छोट्या संघटनेत काम करते आणि तिची पत्रकं लिहिते. शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात कागद कोंबायचा. त्यातले अर्धे चहाच्या टपरीपर्यंत पोचतात आणि भज्यांखाली जातात. उरलेले वाचले जातात. सिंधू वाचायची. उभ्या उभ्या, शेवटपर्यंत, खालच्या 'शंका असल्यास कधीही फोन करा' पर्यंत. त्या ओळीपुढे माझा नंबर असतो. हे लक्षात ठेवा.

ती माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. तरी मला ताई म्हणायची, कारण कागद माझ्या हातात असायचा. मी तिला सिंधूताई म्हणायचे. दोघी एकमेकींना ताई — संघटनेतली माझी जवळची शबनम हसायची, म्हणायची, "आता ठरवा बाई, लहान कोण ते."

तळ्याकाठी जायची कल्पना सिंधूची. माझी नव्हे. नंतर मी ती संघटनेची म्हणून सांगितली, तेही इथेच कबूल करून टाकते.

मोल्डिंगच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होतं, हे आत काम केल्याशिवाय कळत नाही. मशीनमधून निघालेला गरम डबा हातात घ्यायचा, त्याच्या कडा ब्लेडनं कापायच्या, पुढचा घ्यायचा. वर पत्रा. पंखा असतो, पण त्याचं तोंड मशीनकडे. संध्याकाळी घरी जावं तर घरावरही पत्रा, दिवसभर तापलेला, आणि तो मध्यरात्र उलटली तरी निवत नाही. सिंधू एकदा गेटवर घाम पुसता पुसता म्हणाली, "एक रात्र मला पाण्याकाठी झोपायचंय. पंखा नको, पत्रा नको, कुणाला वाढायचं नको." एवढंच. त्यावर मी उत्साहानं उड्या मारल्या. मावळात धरणाच्या तळ्याकाठी तंबू लावून देणारे लोक आहेत, शहरातली पोरं शनिवार-रविवारी गाड्या भरभरून जातात. आपण का नाही जायचं?

आणि आपल्याला सोयीचा होता आपला गुरुवार. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं : भोसरीच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे बुधवारी पहिली शिफ्ट सुटली की निघायचं, गुरुवारी उन्हं कलल्यावर परतायचं. धरणाकाठ ओस पडलेला असणार, जागाच जागा.

सिंधूच्या नवऱ्याची कंपनी चाकणला, त्याची सुट्टी रविवारी. लग्न झाल्यापासून दोघांची सुट्टी एका दिवशी कधी आलीच नव्हती. सासू परभणीकडची. तिला हा गुरुवार कधी पटलाच नाही. 'गुरवारी कुठं सुट्टी असती का? शाळा चालू, बँक चालू, अन् हिचीच कंपनी बंद?' सून दर गुरुवारी काहीतरी लपवते आहे असा म्हातारीचा एक कायमचा संशय. सिंधू ते आम्हाला नक्कल करून सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. हसायचो! त्या घरात तिच्या शब्दाला किती कमी किंमत होती, आणि जी होती ती तिनं किती जपून ठेवली होती — हे हसता हसता माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं की नको?

बेत शबनमच्या खोलीत ठरायचा. शबनमच्या नवऱ्याचं गॅरेज खाली, खोली वर, ग्रीसचा वास आणि तिचं लिंबाचं सरबत. आम्ही सगळ्या मिळून आठ-नऊ जणी. तंबूवाल्याला फोन लावला तर गडी तिथल्याच गावचा निघाला. म्हणाला, "बायाच बाया? जेंट्स कोनी न्हाई? मग तंबूचे खुंटे कोन ठोकनार?"

सिंधूनं फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, खुंटे तुमच्या घरातच ठेवा. आम्हाला तंबू नकोत. दिवसभर प्लास्टिक कापायचं अन् रात्री प्लास्टिकातच झोपायचं?"

पलीकडे तो हसला. मग, "व्हय, त्ये बी खरंच."

मग कळलं, की मे महिन्यात पाणी पार आत जातं. झाडं वर राहतात आणि पाणी खाली. मध्ये नुसती भेगाळलेली जमीन, पाय ठेववत नाही अशी. निम्म्या जणी म्हणाल्या सावली हवी, निम्म्या म्हणाल्या पाणी. भांडण जुंपलं. सिंधूच म्हणाली, "दुपारी झाडाखाली, सांजच्याला पाण्याकडं. गुरांना कळतं ते आपल्याला कळंना का?" कोण सतरंज्या आणणार, कोण ताक, कोण कांदे, ओले पंचे किती — सगळं तिनं वाटून दिलं. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, हे तंबूवाल्याला विचारायचं शबनमनं. कडी नव्हती. शबनम म्हणाली, नवऱ्याच्या गॅरेजमधून मीच आणते आणि ठोकते.

इतका आनंद मी त्या खोलीत पुन्हा पाहिलेला नाही.

आता गाडी अडली ती घरी काय सांगायचं यावर. बायकांचं ठरलेलंच असतं : 'नाइट शिफ्ट लागलीये.' कुणाच्या भावाचं लग्न असो, माहेरी आईला बघायला जाणं असो, दवाखाना असो — नाइट शिफ्ट. सगळ्याच जणी हे करतात, एकमेकींना सांभाळून घेतात, आणि घरच्यांनाही बहुतेक कळत असतं. शबनम म्हणाली, "खोटं कशाला म्हणतेस? ही आमची रजा मंजूर करून घ्यायची पद्धत आहे."

आणि तिथं मी उभी राहिले. अक्षरशः उभी राहिले, खोलीत, सरबताचा पेला हातात घेऊन. काय काय बोलले! चोरासारखं का जायचं? खोटं बोलून मिळवलेली रात्र आपली कशी? एक रात्र मोकळ्या हवेत झोपायला जर नाइट शिफ्टचं सोंग करावं लागत असेल तर आपण कसली संघटना चालवतो? दोन दिवसांत मी त्याचं पत्रकच काढलं. वर मोठ्या अक्षरांत : 'परवानगी मागायची नाही. सांगून जायचं.' आणि खाली, नेहमीसारखं, शंका असल्यास कधीही फोन करा.

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन नाइट शिफ्टच सांगितली. शहाण्या होत्या. माझं बोलणं ऐकायचं असतं, करायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

सिंधूनं ते केलं. घरी जाऊन खरं सांगितलं.

आणि मी? मी माझ्या घरी काय सांगितलं होतं?

हे लिहायला मी तीन वेळा बसले आणि दर वेळी याच जागी उठले. पिंपळे गुरवला आमचं घर. वडील कारखान्यातूनच निवृत्त झालेले, साधे, चार लोकांत मान असलेले. माझ्या कामाचं त्यांना कौतुक — पण दिवसाउजेडी. रात्री पोरगी बाहेर राहणार, तीही धरणाकाठी, उघड्यावर — हा विषय मी त्यांच्यापुढे काढूच शकले नसते. काढून बघितलाही नाही. मी सांगितलं होतं, तळेगावला मावसबहिणीची हळद आहे. हातावर मेंदी काढून येईन म्हणाले. थापेला नक्षी काढायची हौससुद्धा भागवून घेतली.

म्हणजे शबनमच्या खोलीत उभं राहून बोलत होते त्या वेळी ही थाप मारून झालेली होती. आधीच.

तर तो गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, हे इथं सगळ्यांनाच माहीत आहे. कूलर बंद, पंखा बंद. मी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. वडील दिवाणावर आडवे, आणि वारा घ्यायला त्यांनी माझ्याच गठ्ठ्यातली पाच-सहा पत्रकं उचललेली. परवानगी मागायची नाही, सांगून जायचं — ते अक्षर त्यांच्या तोंडापुढे हलत होतं. त्यांनी वाचलंही होतं. म्हणाले होते, "छान लिहिलंयस."

फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर एका म्हातारीचा खणखणीत आवाज. वीज नसलेल्या घरात फोनमधला आवाज किती लांबवर जातो!

"तुमीच का त्या कागदावरच्या मॅडम? मी सिंधूची सासू बोलायले. माझी सून म्हणायलीय, तळ्याकाठी मुक्कामाला जायचंय, सगळ्या बायाच हायत, अन् तुमी नेणार हायत. खरं हाय का?"

ती भांडायला आली नव्हती. हे मला आज लिहायलाच हवं. तिचा आवाज तापलेला नव्हता. तिला नुसतं विचारायचं होतं. मी 'हो' म्हणाले असते तर कदाचित ती म्हणाली असती, बरं, संगट कोण कोण हाय? मागून सिंधूचा आवाज येत होता, ती जवळच उभी असणार. "इचारा की, त्यांनाच इचारा." त्या आवाजात भीती नव्हती. उलट ऐट होती. बघा, माझं खरं आहे, आणि ते सांगणारं माणूस आहे, नंबरसकट — अशी ऐट.

वडिलांच्या हातातली पत्रकं थांबली. ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, सहज — पोरीला कुणाचा फोन आला म्हणून माणूस बघतं तसं.

मी म्हणाले, "नाही हो मावशी. असा काही कार्यक्रम नाहीये आमचा. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय."

माझा आवाज कापलासुद्धा नाही. गेटवर कंत्राटदाराच्या माणसाशी बोलते तो स्वच्छ, ठाम आवाज.

मग सिंधू, फोनच्या अगदी जवळ : "ताई?"

एवढंच. पुढं ती काही म्हणाली असती की नाही, कुणास ठाऊक. मी फोन ठेवला.

वडील म्हणाले, "कोण गं?"

"कुणी नाही. राँग नंबर."

पत्रकं पुन्हा हलायला लागली.

तुम्ही म्हणाल, मग लगेच उलट फोन का केला नाहीस? गच्चीवर जाऊन, जिन्यात उभं राहून, रस्त्यावरून? माझ्याकडे आख्खी दुपार होती. संध्याकाळ होती. आख्खा आठवडा होता, कारण जायचं पुढच्या बुधवारी होतं. पुनावळ्याला बस जाते. मी गेले नाही. मी मनाशी म्हणत राहिले की सिंधू सांभाळून घेईल, ती पोक्त आहे, ती नाइट शिफ्ट म्हणून वेळ मारून नेईल. पण जिनं एकदा खरं सांगितलं, तिला मागं फिरून खोटं कसं सांगता येईल? तो रस्ता मीच बंद केला होता ना? पत्रक काढून?

शुक्रवारी ती कामावर आली नाही. शनिवारी नाही. शबनमनं फोन लावला तर नवऱ्यानं उचलला आणि म्हणाला, ती आता कामाला येणार नाही. सासूनं म्हणे गुरुवारी गल्लीत उभं राहून सगळ्यांना ऐकवलं — इतके गुरुवार ही कुठं जात होती ते आज कळलं. नवऱ्यानं तिचा फोन काढून घेतला. शेजारणीकडून शबनमला हे कळलं, शबनमकडून मला. मी मान हलवली.

मंडळी विचारायला लागली, सिंधूचं काय बिनसलं? आणि मी — इथं फोनची भीती नव्हती, इथं वडील नव्हते, इथं कुणी मला घाई करत नव्हतं — मी म्हणाले, "घरी बोलायची तिची हिंमत झाली नसणार. ऐन वेळी कच खाल्ली."

पहिलं खोटं भीतीपोटी होतं म्हणा. हे कशापोटी होतं?

आम्ही गेलो. होय, गेलो. शबनमनं कडी ठोकली. दुपारी झाडाखाली, संध्याकाळी पाण्याकडे, सिंधूनं सांगितलं होतं तसंच. ताक पुरलं, ओले पंचे पुरले. तिची सतरंजी तेवढी कमी होती, म्हणून दोघींना एकाच सतरंजीवर झोपावं लागलं. बायका इतक्या गाढ झोपल्या की सकाळी ऊन तोंडावर आलं तरी उठेनात. मी धैर्यावर बोलले. पाण्याकडे पाठ करून, उभं राहून. माझ्या हातावर मेंदी होती — तळेगावची हळद खरी दिसावी म्हणून घरातून निघाल्यावर वाटेत कोन घेऊन स्वतःच काढलेली.

आणि परतल्यावर मी त्या सहलीचं पत्रक लिहिलं. त्यात एक वाक्य आहे. 'घरच्यांसमोर मान खाली घालणाऱ्या आमच्या काही बहिणी आज इथे नाहीत.' लोकांना आवडलं ते. एकीनं फोटो काढून स्टेटसला ठेवलं.

दिवाळीच्या आधी निगडीच्या बसस्टँडवर ती मला दिसली. सासू बरोबर होती. हातात पिशव्या, बहुतेक किराणा. मला पळता आलं असतं, पण तिनं आधी पाहिलं. सासू कंडक्टरला काही विचारायला पुढे गेली तेवढ्यात सिंधू दोन पावलं जवळ आली. मी तयार होते. शिव्या, रडणं, थोबाडीत — काहीही. तिनं विचारलं, "पाणी होतं का हो तळ्यात?"

मी म्हणाले, "होतं."

"बरं झालं." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाटलं, आटलं असंल."

म्हातारी परत आली. मला निरखून बघितलं. "ही कोण हाय?"

आता सांगा. यापेक्षा सोपी संधी कुणाला मिळते? म्हातारी समोर, सिंधू समोर, वडील पिंपळे गुरवला आपल्या दिवाणावर. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मावशी, त्या दिवशी तुमची सून खरं बोलत होती, खोटं मी बोलले. एका दमात होतं. मी तोंड उघडलंही. मग मला दिसलं की सिंधू माझ्याकडे बघतच नाहीये. ती बसकडे बघत होती. तिनं वाट बघणं सोडून दिलं होतं.

"कंपनीत होत्या," ती सासूला म्हणाली. "चला, गाडी लागली."

आणि मी तोंड मिटलं. पहिल्यांदा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ती बुडाली. दुसऱ्यांदा तिनं ठेवला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

तिनं आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही की फोनवर मी काय म्हणाले. शबनमलाही नाही. तिनं सांगितलं असतं तर मला संघटनेत उभं राहायला जागा उरली नसती. ती गप्प राहिली. माझ्यासाठी राहिली असं मी म्हणणार नाही, ते स्वतःला फार महत्त्व देणं होईल. कदाचित तिला पटलं असेल, की आपला शब्द आता कुठेच चालत नाही.

यंदा पुन्हा मे आला आहे. बायका पुन्हा जायचं म्हणतायत. शबनमनं परवा विचारलं, "या वेळी पत्रकात काय लिहिणार?" म्हणून हे लिहिलं. पुनावळ्याच्या त्या खोलीत हे कुणी वाचणार नाही, हे मला माहीत आहे. लिहायला जमलं ते त्यामुळेच, हेही माहीत आहे. मी अजून तिच्या घरी गेलेले नाही. वडिलांनाही अजून काही माहीत नाही. ते या कागदांनी वारा घेतील तेव्हा कळेल.

मला माफ करू नका. समजूनही घेऊ नका, ते मी स्वतःला वर्षभर घेतलंय आणि त्यानं सिंधूचं काहीही भलं झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र करा. भोसरीच्या कुठल्याही गेटवर माझं पत्रक तुमच्या हातात पडेल. भज्यांखाली घालू नका. खालचा नंबर लावा. मी कुठं आहे, शेजारी कोण बसलंय, वीज आहे की गेलीये, काही विचारू नका. एवढंच विचारा — सिंधू खरं बोलत होती का? आणि मी मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं 'हो' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.